जहाज जुनं, छोटं, आणि भाडं मात्र दुप्पट: द्यावं की नाही?

इंदिरानगरच्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा. त्या ६१ वर्षांच्या, यजमान ६६ चे, त्यांच्या गुडघ्याची तक्रार आहे. दोघंही शाकाहारी, दारूला शिवत नाहीत. ग्रीस आणि क्रोएशियाकडची १० रात्रींची क्रूझ करायची आहे, आयुष्यातली पहिलीच. हातात दोन कोटेशन आहेत. एक नवंकोरं जहाज, ५,००० च्या वर प्रवासी. दुसरं २००० सालचं, जेमतेम ६८० प्रवासी, आणि त्याचं भाडं जवळजवळ दुप्पट. एजंट म्हणतो, "त्याचा क्लासच वेगळा." ताई विचारतात, पंचवीस वर्षं जुना फ्लॅट घेताना आपण भाव पाडून मागतो, मग इथे उलटं का?

ताई, फ्लॅट घेताना आपण भिंती विकत घेतो. क्रूझमध्ये भिंती दहा रात्रींपुरत्या. खरे पैसे जातात ते दिवसाच्या तासांचे. त्यातले किती तास गावात फिरण्यात जाणार, आणि किती रांगेत किंवा बसमध्ये, यावर सगळं अवलंबून आहे. त्यामुळे जहाजाचं वय आणि चकचकीत फोटो सध्या बाजूला ठेवा आणि दोन्ही कोटेशनमधलं बंदरांचं वेळापत्रक समोर घ्या.

आधी तुमचं ते जुनं जहाज कोण, ते पाहू. २००० च्या आसपासचं आणि ६८०-७०० प्रवाशांचं म्हटलं, की बहुधा ते आठ सख्ख्या बहिणींपैकी एक असतं. रेनेसान्स नावाच्या कंपनीने १९९८ ते २००१ या काळात फ्रान्समधल्या सँ-नाझेरच्या गोदीत एकाच आराखड्याची आठ जहाजं बांधून घेतली. कंपनी २००१ मध्ये बुडाली आणि जहाजं विखुरली. आज त्यातली चार अझामारा आणि चार ओशियानिया या क्रूझ कंपन्यांकडे आहेत. लांबी १८१ मीटर, ग्रॉस टनेज ३०,२७७. नावं तीन-तीनदा बदलली आहेत, म्हणून नावावर जाऊ नका. जहाजाचा सात आकडी आयएमओ नंबर मागा. मालक बदलो, झेंडा बदलो, तो नंबर जन्मापासून भंगारात जाईपर्यंत तोच राहतो, आणि त्यावरून बांधणीचं वर्ष आणि आधीची नावं सगळी सापडतात.

आता एक गैरसमज. छोटं जहाज म्हणजे माणशी जागा जास्त, असं एजंट हमखास सांगतात. ग्रॉस टनेज हे जहाजाचं वजन नसतं, आतल्या बंदिस्त जागेचं माप असतं. त्याला प्रवाशांच्या संख्येने भागलं की माणशी जागा कळते. ३०,२७७ भागिले ६८४ म्हणजे ४४. आता सगळ्यात अवाढव्य जहाजांपैकी एक घ्या, २०२४ चं आयकॉन ऑफ द सीज: २,४८,६६३ भागिले ५,६१०, पुन्हा ४४च. मुंबईहून सुटणारं कॉर्डेलियाचं एम्प्रेस १९९० चं आहे. ४८,५६३ टनेज आणि केबिनमागे दोघं धरून सुमारे १,६०० प्रवासी, म्हणजे ३० च्या घरात. तेव्हा जुनं-छोटं म्हणजे ऐसपैस हे समीकरण विसरा. केबिनमध्ये तर उलटाच प्रकार आहे. त्या आठ बहिणींमधली साधी बाल्कनी केबिन सुमारे १७५ चौरस फूट, नव्या मोठ्या जहाजात २०० च्या आसपास. बाथरूम इतकं बेताचं की अंगाला साबण लावताना कोपर भिंतीला लागतं.

मग भाडं कशाने चढतं? कप्तान, इंजिनीअर, बंदरात शिरताना घ्यावा लागणारा पायलट, हे सगळे खर्च ६८० माणसांत वाटले जातात. मोठ्या जहाजावर तेच ५,००० मध्ये विरघळतात. शिवाय मोठं जहाज भाडं मुद्दाम खाली ठेवतं आणि कसिनो, दारूची पॅकेजेस, वेगळ्या पैशांची रेस्टॉरंट, फोटो, दुकानं यांतून भरून काढतं. छोट्या जहाजात हे थाटायला जागाच नसते, म्हणून वसुली तिकिटातच होते. नोकरवर्गही माणशी जास्त: छोट्यावर दर पावणेदोन प्रवाशांमागे एक, आयकॉनसारख्यावर सुमारे दर अडीच प्रवाशांमागे एक. जेवायला ठरावीक पाळी नसते, सकाळी उन्हातल्या खुर्चीसाठी टॉवेल टाकून जागा अडवावी लागत नाही. सुख आहेच, पण एवढ्यासाठी दुप्पट पैसे देऊ नयेत असं माझं मत.

खरा फरक बंदरात पडतो, आणि तोही प्रत्येक बंदरात नाही. वेळापत्रक एकेक ओळ करून तपासा.

पिरेयस, म्हणजे अथेन्सचं बंदर, दोघांनाही सारखंच. रोमसाठी चिव्हिताव्हेकिया आणि फ्लॉरेन्ससाठी लिव्होर्नो यांचंही तसंच. जहाज कितीही छोटं असो, इटलीतल्या या दोन बंदरांतून शहर ८०-९० किलोमीटर लांबच आहे. अशी बंदरं जास्त असतील तर छोट्या जहाजाचे जादा पैसे पाण्यात.

व्हेनिसची गंमत वेगळी. १ ऑगस्ट २०२१ पासून २५,००० टनेजच्या वरची किंवा १८० मीटरपेक्षा लांब जहाजं जुन्या शहरासमोरच्या जुदेक्का कालव्यातून जाऊ शकत नाहीत. तुमचं छोटं जहाज १८१ मीटर! म्हणजे एका मीटरने बाहेर, आणि टनेजमध्येही बाहेरच. बऱ्याच सहलींमध्ये वेळापत्रकात ठळक अक्षरात 'व्हेनिस' छापतात आणि कंसात बारीक 'रावेन्ना' किंवा 'ट्रिएस्टे' असतं. दोन्हीकडून व्हेनिस दीडशे किलोमीटरच्या आसपास. तिकिटावर मुंबई छापून नाशिकला उतरवल्यासारखंच की हो. दोन्ही कोटेशनमध्ये हा कंस शोधा.

जिथे छोट्याचं पारडं खरंच जड होतं ती गावं म्हणजे माँटेनिग्रोतलं कोटोर, क्रोएशियातलं कोर्चुला, ग्रीसमधलं नाफ्प्लिओ. कोटोरला जुन्या गावाच्या तटबंदीसमोरच धक्का आहे. छोटं जहाज तिथे लागलं तर जिना उतरून रस्ता ओलांडला की वेशीत. मोठं जहाज खाडीत नांगर टाकतं आणि माणसं बोटीने आणतात. क्रोएशियातल्या डुब्रोव्हनिकला जहाजं बहुधा ग्रुझ बंदरात लागतात, जुनं शहर तिथून तीनेक किलोमीटर; तिथे छोट्याचा फायदा ते रात्रीपर्यंत थांबणार असेल तरच. दक्षिण-पूर्व आशियाची क्रूझ पाहणाऱ्यांना तर फरक आणखी मोठा दिसेल. मोठं जहाज 'बँगकॉक' म्हणून लाएम चाबांगला लागतं, तिथून शहर बसने दोन तास; छोटं चाओ फ्राया नदीतून थेट शहरात क्लोंग तोईला येऊ शकतं. व्हिएतनाममधल्या सायगॉनचंही तसंच: मोठ्यांना फू मी, छोट्यांना नदीतून वर शहराजवळ.

वेळापत्रकात जिथे 'टेंडर' लिहिलंय त्या ओळीखाली रेघ मारा. टेंडर म्हणजे जहाज बाहेर नांगरून छोट्या बोटींनी किनाऱ्यावर नेणं. यात वेळ कसा जातो ते मांडून बघा. समजा ५,००० पैकी ३,५०० जणांना उतरायचंय, चार बोटी आहेत, प्रत्येकीत १२० माणसं, जाऊन-येऊन चढ-उतारासह ४० मिनिटं. तासाला ७२० माणसं उतरतात, म्हणजे शेवटचा माणूस किनाऱ्यावर पोचायला जवळजवळ पाच तास. कंपनीची सशुल्क सहल घेतलेले आधी सोडतात, बाकीच्यांना नंबराची चिठ्ठी. छोट्या जहाजावर ६०० जण, दोन बोटी, शंभर-शंभरच्या: दोन तासांत सगळे खाली. परतीचीही रांग अशीच, आणि ती उन्हात उभं राहून.

सँटोरिनीला मात्र मोठं-छोटं सगळ्यांनाच टेंडर. तुमचं जहाज छोटं असलं तरी त्याच दिवशी बाहेर तीन मोठी उभी असली तर वर जायच्या केबल कारची रांग तुम्हालाही तेवढीच. दुसरा मार्ग सहाशेच्या आसपास पायऱ्यांचा आहे. सप्तशृंगी गडाच्या पायऱ्या चढून सवय असणाऱ्यानेही खेचरांच्या शेणातून आणि गुळगुळीत दगडांवरून तो करू नये, गुडघ्याच्या माणसाने तर नाहीच. तिथे छोटं जहाज उपयोगी पडतं ते फक्त संध्याकाळी उशिरापर्यंत थांबणार असेल तर, कारण संध्याकाळी बरीचशी मोठी जहाजं निघून जातात आणि गाव मोकळं होतं. २०२५ पासून ग्रीसने क्रूझ प्रवाशांवर उतरण्याचा कर लावलाय, सँटोरिनी आणि मिकोनोसला हंगामात माणशी २० युरो. तो भाड्यात धरलाय की वर येणार, हे दोन्हीकडे विचारा.

आता पैशांचा हिशेब. आकडे समजण्यासाठी घेतलेत, तुमचे तुम्ही घाला. समजा मोठ्याचं भाडं माणशी १,५०० डॉलर, छोट्याचं २,९००. फरक १,४००. मोठ्यावर टिप रोजची १८ डॉलर, दहा दिवसांची १८०. बंदरातून गावात जायला, लांबच्या ठिकाणी सहल घ्यायला चार ठिकाणी ९० प्रमाणे ३६०. एकूण २,०४०. छोट्यावर टिप भाड्यातच (अझामारावर असते, बाकीच्यांचं लेखी घ्या), सहल दोनच ठिकाणी लागली म्हणून १८०. एकूण ३,०८०. फरक १,०४० वर आला. छोट्याच्या जाहिरातीत 'सगळं समाविष्ट' यात वाइन-बिअर मोठ्या दिमाखात मोजलेली असते. पिणारं जोडपं मोठ्या जहाजावर दारूच्या पॅकेजला माणशी रोज ७०-७५ डॉलर मोजतं, त्यांचा फरक ३०० वर येतो आणि त्यांच्यासाठी छोटं जहाज सरळसरळ परवडतं. तुम्ही पिणार लिंबूपाणी. एजंटने कुठल्याही पिणाऱ्या गिऱ्हाइकाचं गणित तुम्हाला ऐकवलं तर ते तुमचं नाही.

उरलेल्या १,०४० ला जादा तासांनी भागा. मोठं जहाज संध्याकाळी पाचला निघतं आणि छोटं रात्री दहाला, असं तीन बंदरांत असेल तर १५ तास. दोन ठिकाणी टेंडरचे दीड-दीड तास वाचले, ३ तास. १८ तासांना १,०४०, म्हणजे तासाला माणशी ५८ डॉलर. माझा ठोकताळा असा, की दहा रात्रींत १५ तासांपेक्षा कमी फरक पडत असेल तर दुप्पट भाड्याच्या वाटेला जाऊ नये. वेळा मात्र छापील वेळापत्रकातल्या घ्या. 'आम्ही उशिरापर्यंत थांबतो' हे वाक्य वेळ नव्हे. आणि जहाज सुटायच्या अर्धा तास आधी सगळ्यांना वर घेतात, तोही वजा करा.

जुनेपणाची भीती किती बाळगावी? सुरक्षेची फार नाही. १ ऑक्टोबर २०१० पासून आंतरराष्ट्रीय नियमांनी जुन्या जहाजांवरचं पेट घेणारं लाकूडकाम वगैरे बंद केलं. ज्यांना बदल परवडले नाहीत ती तेव्हाच मोडीत गेली. प्रवासी जहाजाचं सुरक्षा प्रमाणपत्र दरवर्षी नव्याने घ्यावं लागतं. स्वच्छतेसाठी, जहाज अमेरिकेच्या बंदरांतही जात असेल तर तिथल्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेची अचानक तपासणी होते, १०० पैकी गुण देतात, ८५ किंवा त्याखाली म्हणजे नापास. अहवाल कोणालाही नेटवर बघता येतो. त्यात स्वयंपाकघरातल्या फ्रीजचं तापमान, झुरळं, सगळं ओळीने लिहिलेलं असतं. वाचा, माहितीपत्रकापेक्षा उपयोगी आहे.

त्रास देतात त्या बारक्या गोष्टी, आणि त्या जुन्या वाड्यातल्यासारख्याच असतात. संडास व्हॅक्यूमवर चालतात. एखाद्याने ओला टिश्यू टाकला की एका लाइनवरच्या पंधरा-वीस केबिन एकदम बंद. मोरीच्या जाळीतून वास येतो, कारण खालच्या वाकड्या पाइपातलं पाणी सुकतं; रात्री एक तांब्या पाणी ओतलं की बसतो. एसी कमी-जास्त नीट होत नाही. पलंगाजवळ प्लगच नसतो, असतो तो आरशापाशी एखादा. सर्ज प्रोटेक्टरवाला एक्स्टेंशन बोर्ड नेलात तर चढतानाच काढून घेतात. भिंती लोखंडी, म्हणून वाय-फाय अडखळतं (पण लोहचुंबकाचे हुक छान चिकटतात, चार घेऊन जा). म्हणून विचारायचा प्रश्न एकच: शेवटचं ड्राय-डॉक (जहाज पाण्याबाहेर घेऊन करतात ती दुरुस्ती) कधी झालं आणि त्यात काय बदललं? उत्तरात नुसते गालिचे, पडदे, सोफे आले तर ती रंगरंगोटी. पाइप, एसी, बाथरूम आले तर काम झालंय.

यजमानांच्या गुडघ्यासाठी दोन्हीकडे फायदे-तोटे आहेत. मोठं जहाज साडेतीनशे मीटर लांब, केबिन एका टोकाला आणि जेवण दुसऱ्या टोकाला, दिवसातून चार फेऱ्या. छोट्यावर चालणं निम्म्याने कमी. पण जुन्या जहाजात बाथरूमला उंच उंबरठा असतो, रात्री झोपेत तोच नडतो. विनाअडथळा केबिन मोजून दोन-चार असतात आणि सगळ्यात आधी जातात. टेंडर बोटीत पाय टाकताना बोट वर-खाली होत असते. लाट असली की खलाशी हात धरतात, पण गुडघा आपलाच वाकवावा लागतो. म्हणजे तुमच्यासाठी जितके टेंडर कमी, तितकं ते जहाज बरं, मग ते कुठलंही असो.

लाटांचं. ३०,००० टनेजचं जहाज मोठ्यापेक्षा जास्त हलतं, यात लपवण्यासारखं काही नाही. दोन्ही बाजूंना पंखांसारखे स्टॅबिलायझर असतात, ते डावी-उजवी डोल कमी करतात; पुढचं टोक वर-खाली होतं त्यावर त्यांचा इलाज चालत नाही. एजियन समुद्रात जुलै-ऑगस्टला मेल्तेमी नावाचा उत्तरेचा वारा सुटतो. त्यात टेंडर रद्द होतात, बंदरच गाळलं जातं, आणि परत मिळतो तो फक्त बंदराचा कर. सप्टेंबरचा शेवट किंवा ऑक्टोबरची सुरुवात घ्या. ऊनही उतरलेलं असतं. मळमळ होते की नाही हे लाखो रुपये भरण्याआधी कळायला हवं. पावसाळा सोडून मुंबईहून दोन रात्रींची गोवा फेरी करून बघा. सकाळच्या पंचवटीने सीएसएमटीला उतरलात की बॅलार्ड पिअर टॅक्सीने जेमतेम दहा मिनिटं. गोळीचं मात्र आधी डॉक्टरांना विचारा. काचबिंदू किंवा प्रोस्टेट असेल तर मळमळीच्या काही गोळ्या चालत नाहीत.

जेवणात मोठं जहाज पुढे, हे अनेकांना पटत नाही. पण बुफेत रोज एखादी डाळ, भात, भाजी मोठ्यावर मिळण्याची शक्यता जास्त. छोट्यावर शाकाहारी मिळतं आणि सुरेख मिळतं, फक्त ते पास्ता, रिसोटो, भाजलेली वांगी या घराण्यातलं. कांदा-लसूण चालत नसेल तर बुकिंग होताच, निदान ६० दिवस आधी लेखी कळवा. सामान मुख्यतः सुरुवातीच्या बंदरात भरलं जातं. मधेच मागितलेली मुगाची डाळ समुद्रात येणार कुठून?

व्हिसाचं विसरू नका. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये आहे, पण कोटोर ज्या माँटेनिग्रोत आहे तो देश नाही. कोटोरला उतरून पुन्हा क्रोएशियात जाणार म्हणजे शेंगेन मल्टिपल एंट्रीच हवा. एजंट टीसीएस (सहलीच्या रकमेवर आगाऊ घेतला जाणारा आयकर) घेईल, तो रिटर्नमध्ये वळता होतो. पावती आणि पॅन नंबर नीट आहे ना बघा.

तुमच्या बाबतीत मी काय करीन? छोट्याच्या वेळापत्रकात कोटोर धक्क्यावर, डुब्रोव्हनिक किंवा सँटोरिनी रात्रीपर्यंत, आणि टेंडर तीनपेक्षा कमी असतील तर छोटं घेईन. त्यातलं एकही नसेल, नुसतं पिरेयस, सँटोरिनी, रावेन्ना आणि दोन दिवस समुद्रात असेल, तर मोठं घेऊन उरलेल्या पैशांत आधी अथेन्समध्ये तीन रात्री राहीन. आणि २,००० च्या आसपास प्रवाशांचं मधलं जहाज त्याच मार्गावर आहे का, हे एजंटला विचारा. तो आपणहून सांगत नाही, कारण दोन टोकं दाखवली की गिऱ्हाईक लवकर ठरवतं.

छोटं ठरलंच तर केबिन अशी मागा: जहाजाच्या मध्यावर, खालच्या बाजूच्या डेकवर, वर आणि खाली दोन्हीकडे केबिनच असलेली. पुढच्या टोकाला नांगराची साखळी सकाळी सहाला खडखडते, मागच्या टोकाला इंजिनची थरथर असते, आणि स्वयंपाकघराखालच्या केबिनमध्ये पहाटे चारपासून ट्रॉल्यांची चाकं ऐकू येतात. 'गॅरंटी केबिन' म्हणून स्वस्तात देतात ती घेऊ नका. त्यात नंबर कंपनी ठरवते आणि उरलेली केबिन बहुधा यांपैकीच एक असते.